आठ सेकंदांची भिंत

मर्व टकवेलने अकरा वर्षं एकच भिंत ढकलली. अ‍ॅडलेडच्या आमच्या टीव्ही स्टुडिओत जोडी जमवण्याचा खेळ चालायचा. भिंतीच्या अलीकडे एक मुलगी, पलीकडे स्टुलांवर तीन मुलगे. तिने प्रश्न विचारायचे, नुसत्या आवाजावरून एकाला निवडायचं, मग भिंत सरकायची. ती सरकवायचा मर्व. मी त्याच्या हाताखाली होतो.

भिंत प्लायवूडची, दीडशे किलोची, खाली चाकं. मर्वचा हिशेब ठरलेला.

"आठ सेकंद. चारात उघडलीस तर पोरगी दचकते. बारा लावलीस तर लोक खोकायला लागतात. खांदा लाव, हात नको. आणि शेवटच्या वितीला आवर. आपटली की मजा गेली."

"मजा कसली त्यात?"

"अरे, सगळ्यांना तिघं दिसतात, एकट्या तिलाच दिसत नाहीत. घरोघरी लोक ओरडतात, अगं तो नको, दोन नंबर घे! तिला काय ऐकू जातंय? मग भिंत सरकते आणि आठ सेकंद तिचा चेहरा. लोक त्यासाठी बसलेले असतात."

एवढं तो फक्त कामाबद्दल बोलायचा, आणि तेही माझ्याशीच. चहाची गाडी आणणाऱ्या बेवसमोर चार वर्षांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. ती लॅमिंग्टन केकचा तुकडा पुढे करायची, हा मान हलवायचा.

"जीभ घरी ठेवून येतोस का रे?" ती विचारायची. ह्याचे कान लाल. ती गेली की मला म्हणायचा, "उद्या विचारतो फिरायला."

मग बेवने नोकरी सोडली. शुक्रवार शेवटचा, रविवारी बहिणीकडे पर्थला.

शुक्रवारी तालीम होती. तालमीला खरे मुलगे-मुली नसत, आम्हीच बसायचो. मुलीच्या जागी नेहमी बेव. त्या दिवशी तिसऱ्या स्टुलावरचा वायरमन आजारी पडला. दिग्दर्शकाने मर्वला बसवलं आणि भिंत माझ्याकडे दिली.

बेवने कार्ड वाचलं, "मला बाहेर कुठे न्याल?"

एक नंबर म्हणाला, घोड्यांच्या शर्यतीला. दोन नंबर म्हणाला, माझ्या बोटीवर. त्याच्याकडे साधी सायकल नव्हती. तीन नंबर गप्प. मी घसा खाकरला.

"समुद्रावर, ग्लेनेल्गच्या धक्क्यावर," मर्व म्हणाला. "चालत. तू म्हणशील तिथे थांबू. घाई नाही."

बेवने कार्ड खाली केलं. "हा आवाज कुणाचा?"

"सांगायचं नसतं," दिग्दर्शक म्हणाला.

"मग तीनच."

मी खांदा लावला. सात सेकंद बिनचूक. मग माझी नजर बेवच्या चेहऱ्याकडे गेली आणि आवरायचं राहून गेलं. भिंत धाडकन आपटली.

मर्व ताडकन उठला. तिच्याकडे पाहिलंच नाही. "शेवटची वीत! कितीदा सांगितलं तुला, गाढवा!"

बेव पोट धरून हसायला लागली. "अगं बाई, हा बोलतो! वर शिव्याही देतो!"

तेव्हा तो वळला. कान लाल.

"धक्क्यावर कधी?" तिने विचारलं.

"उद्या."

"बरं. रविवारची गाडी राहू दे मग. बहिणीला फोन करते."

ती गेल्यावर मर्वने माझ्याकडून भिंत वीस वेळा ढकलून घेतली. विसाव्या वेळी आवाज झाला नाही. मग त्याने कोट घातला.