खडबडीत रस्त्यावरची फेरी

नवरा गेल्यावर वहिनींनी त्याचे कपडे वाटून टाकले, पण गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर काही त्यांच्याच्यानं सोडवेना. मुलगा म्हणाला, "आई, चालवशील तू, त्याची काळजी नाही. पण संडासाची टाकी कोण रिकामी करणार? ते बाबा करायचे. विकून टाकू."

"एक मुक्काम करून बघते. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं," वहिनी म्हणाल्या. शब्द देऊन बसल्या, आणि सोबतीला नेलं नणंदेला, जिची जीभ म्हणजे नुकती धार लावलेली कात्री.

नवऱ्याबरोबरच्या नेहमीच्याच मुक्कामाला पोचल्यावर वहिनींनी रबरी हातमोजे चढवले. ट्रेलरच्या पोटाखालच्या तोंडाला जाड पाइप पिळून बसवला, दुसरं टोक गटाराच्या भोकात घट्ट दाबलं. वर दोन खटके होते. एक संडासाच्या टाकीचा, दुसरा मोरीच्या. "आधी पाप सोडायचं, मग पुण्य," नवरा म्हणायचा. म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. पण टाकी भरायची वाट कशाला बघायची? वहिनींनी दोन्ही खटके उघडेच ठेवले. येईल तसं जाईल!

"हुशार हो!" नणंद म्हणाली. "माझ्या भावाला एवढ्या वर्षांत सुचलं नाही."

चार दिवस वहिनी मिरवत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी आतून हाक आली, "वहिनी! खाली जायचं सोडून वर येतंय हो!"

वहिनींनी खटका मागेपुढे केला. पाइप ढिम्म. त्या ट्रेलरच्या पायरीवर बसल्या. मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, "सांगितलं होतं ना" म्हणणारा. मग हळूहळू उलगडा झाला. पाणी वाहून गेलं होतं, आणि बाकीच्यानं तळाला ठाण मांडलं होतं, करपलेल्या पातेल्यासारखं. पातेलं असतं तर भिजवलं असतं. अरुंद तोंडाची बरणी असती तर पाणी घालून हलवली असती. पण ही एवढी टाकी हलवायची कशी?

आणि त्या एकदम हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"अगंबाई, हसताय का रडताय?"

"तुमच्या भावानं मला जन्मभर गंडवलं हो, वन्सं! निघायच्या दिवशी चांगला रस्ता सोडून हे मुद्दाम खाचखळग्यांतून फेरी मारायचे. शीळ घालत. मी केसबिस नीट करून खिडकीशी बसायचे. वाटायचं, मला हिरवळ दाखवायला नेतात. हे भरलेली टाकी विसळत होते!"

नणंद येऊन पायरीवर शेजारी टेकली. मग म्हणाली, "हिरवळ दिसायची ना पण?"

"दिसायची," वहिनी म्हणाल्या. "एका वळणावर थांबायचेसुद्धा."

वहिनींनी खटके लावले, संडासातून बादल्या बादल्या पाणी आणि साबणाची पूड ओतली, अंघोळीचं पाणी मोरीच्या टाकीत साठू दिलं. दुपारपर्यंत भिजू देऊन पाइप काढला, तोंडाला झाकण लावलं आणि गाडी खडबडीत वाटेला घातली. नणंद दाराची कडी धरून, "हाडं खिळखिळी झाली!" म्हणत होती. त्या वळणावर वहिनींनी गाडी थांबवली. केस सारखे केले आणि खिडकीतून हिरवळ बघून घेतली.

परतल्यावर पुन्हा पाइप जोडला. वहिनींनी श्वास रोखून पहिला खटका ओढला. पाइप थरारला, आणि धबाधबा वाहू लागला. शेवटी साबणाचं पाणी गेलं, तेव्हा त्यांनी हातमोज्यांसकट टाळी वाजवली. नणंद चार पावलं मागे पळाली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "ट्रेलर न्यायला कधी येऊ, आई?"

"येऊ नकोस. उद्या आम्ही पुढे निघतोय."

"आम्ही?" मागून आवाज आला. "मला कुणी विचारलं?"

"विचारते की. वन्सं, पुढच्या मुक्कामाला पाइप तुम्ही धरणार का खटका ओढणार?"