सुमनकाकींचा कढीपत्ता आणि परबकाका

लालबागला आमच्या चाळीच्या मागे, बंद गिरणीच्या भिंतीला लागून, झाडांची एक लहानशी पट्टी आहे. आम्ही तिला राई म्हणतो. परबकाकांची आणि माझी पहिली भेट तिथलीच. रविवारच्या श्रमदानाला मी हौसेने नवा झाडू घेऊन गेले होते. काकांनी तो हळूच माझ्या हातून काढून भिंतीला टेकवला. "बाय माझे, हो कचरो नाय, पालो असा. ऱ्हवांदे," म्हणाले. मला रागच आला. फुकट राबायला आलेल्या बाईशी असं वागतात का!

गिरणी बंद पडल्यावर काकांनी वॉचमनची नोकरी धरली आणि ती सांभाळून, पत्नी सुमनकाकींच्या जोडीने, इथल्या उकिरड्यावर ही झाडं वाढवली. आज राईत तांबट, दयाळ असे पक्षी आणि कितीतरी फुलपाखरं दिसतात. काकांची शिस्त कडक: पाला झाडायचा नाही आणि किडीने खाल्लेलं झाड उपटायचं नाही. फाटकाजवळचा कढीपत्ता काकींनी लावलेला. सगळी चाळ त्याची पानं नेई, पण अळ्या दिसल्या की काकी हात आवरायला लावत. "आधी त्यांका खावंदेत, उरतला ता आमटीत."

काकी गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून काका रोज सकाळी आधी त्या झाडापाशी थांबत.

आता जे लिहिते आहे ते काकांचा हा गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीलाही ठाऊक नाही. काकींच्या वर्षश्राद्धासाठी काका गावी गेले होते. ते रविवारी परतले की या ग्रंथासाठी राईत फोटो काढायचं ठरलं होतं. काकांच्या पंचाहत्तरीला राई नीटनेटकी दिसावी म्हणून शनिवारी मी एकटीच गेले. सगळा पाला झाडला. कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. तो वाळला असं समजून मुळासकट उपटला आणि कचऱ्याच्या गाडीत दिला. इतकी वर्षं काकांच्या हाताखाली काम करून मी हे केलं.

रविवारी फाटकाशीच मी त्यांना सांगून टाकलं. ते त्या खड्ड्यापाशी जाऊन वाकले. मग विचारलं, "कोश होते काय गो त्येच्यार?" पानं फस्त करून अळ्या त्याच काड्यांवर फुलपाखरांचे कोश करतात; मी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात बाकीची मंडळी आली. शेजारच्या जाधववहिनी ओरडल्याच, "अगं बाई, काकींचा कढीपत्ता कुणी काढला?" काका म्हणाले, "मीच सांगितलंय काढूक. सुकलो हुतो."

वहिनी त्यांच्यावर उखडल्या. "काकींची एवढीशी आठवण, तीही जड झाली का तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. मीही घातली, आणि गप्प राहिले. मुखपृष्ठावरचा फोटो त्याच सकाळचा आहे. त्यात राई लख्ख दिसते आणि काका किती थकलेले दिसतात, ते पाहवत नाही.

काका आजही त्या रिकाम्या जागी रोज तांब्याभर पाणी घालतात. खाली मुळाचा एखादा तुकडा तुटून राहिला असेल तर फुटवा येतो म्हणे. अजून आलेला नाही.

वहिनी, मंडळी, तो कढीपत्ता मी उपटला. काकांनी नाही. आणि काका, तिथे फुटवा येवो, त्याची पानं अळ्यांनी खाऊन उरोत, आणि ती तुमच्या आमटीत पडेपर्यंत, त्यानंतरही पुष्कळ वर्षं, तुम्ही खणखणीत राहा.