फळ्यांखालची ऊब

बाळंतिणीनं स्वस्थ पडून राहावं म्हणतात. ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा बाळंतिणीच्या खोलीत कोंडून पाहायला हवं होतं. दुसऱ्या बाळंतपणाला मी देऊळघाटला माहेरी आले आणि माझा डोळ्याला डोळा लागेना. पहिला मुलगा याच खोलीत गेला होता. पौषातली थंडी, दारं-खिडक्या बंद, बाजेखाली रीतीप्रमाणे गोवऱ्यांची शेगडी. सकाळी पाहते तर तो माझ्या कुशीत गार. सगळे म्हणाले, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. एकटे बाबा म्हणाले, धुरानं नेलं.

बाबा सरकारी इमारतींवर मिस्तरी. बुलढाण्याला साहेबांच्या बंगल्यांतल्या लाकडी जमिनी त्यांच्याच हातच्या. या वेळी खोलीत शेगडी आणायचीच नाही असं ठरवून त्यांनी जमीन उकरली. शेजारच्या न्हाणीतल्या चुलीचा धूर दगडी नळातून खोलीखाली फिरवला आणि पलीकडच्या धुराड्यानं बाहेर काढला. नळावर फरशी, फरशीत ठोकून बसवलेल्या लाकडी पट्ट्या, त्यांवर सागाच्या फळ्या. गाव पोट धरून हसलं. मिस्तरीनं लेकीला भाजायला भट्टी लावली म्हणे. मला त्या हसणाऱ्यांचा अजून राग येतो.

फळ्या त्यांनी आधी कितीतरी दिवस खोलीतच ठेवून वाळवल्या आणि भिंतीकडेनं बोटभर फट मोकळी सोडली. लाकूड फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते, असं मायला बजावलं. चुलीत जाळ बेताचा ठेवायचा आणि फळ्यांवर पाणी पडू द्यायचं नाही.

मुलगी झाली. पाय खाली टाकले की उन्हात वाळलेल्या गोधडीवर पडल्यासारखे वाटत. तरी मला चैन नव्हतं. सारखं उठून तिच्या नाकाशी बोट धरायचं, फळी करकरली की हवेत वास घ्यायचा. माय म्हणायची, असल्या जिवानं दूध आटेल.

पाचवीचा दिवस उजाडला. सटवाई त्या दिवशी बाळाचं कपाळ लिहायला येते, आणि माय त्या कोरड्या जमिनीकडे पहिल्या दिवसापासून तिरपं पाहत होती. बाबा कामावर जाताच तिनं शेण कालवलं. बाबा रागावतील, असं मी म्हटलं.

"रागावू दे. सारवल्याबिगर सटवाई खोलीत येते काय? मागच्या खेपेले माह्या हातून काही राह्यलं असंन, तुले काय मालूम?"

तिचा आवाज ऐकून मी पाय बाजेवर ओढून घेतले. तिनं कानाकोपरा सारवला. विंचवाकिड्याला सोय नको म्हणून भिंतीकडची फटही मातीनं लिंपून टाकली. मग सारवण लवकर वाळावं म्हणून न्हाणीतल्या चुलीत चांगली मोठी लाकडं सारली.

दुपार कलली तशा फळ्या कण्हू लागल्या. फुगायला जागा मिळेना, तेव्हा खोलीच्या मधोमध पाठ काढून वर आल्या. त्यांच्याबरोबर खालच्या ठोकलेल्या पट्ट्या उखडल्या आणि फरशीच्या सांध्यांतला चुना फुटला. फटीतून धुराची बारीक रेघ वर आली.

मी पोरीला उचललं आणि उंबरा ओलांडून सरळ अंगणात आले. ना तिच्या डोक्याला टोपडं, ना माझ्या कानाला फडकं. अंगणात वारा बोचत होता. पोरीनं टाहो फोडला. माय गोधडी घेऊन मागे धावली, रडत होती, हात जोडत होती. उघड्या तोंडात वारं शिरेल, तिला आधी गप्प कर, असं विनवत होती. मी पोरीचं तोंड छातीशी दाबू लागले.

पूजेसाठी लवकर निघालेले बाबा तेवढ्यात आले. त्यांनी दारातून आत पाहिलं, न्हाणीत जाऊन चुलीवर घागर उपडी केली. आता ते मायला बोलणार, असं मला वाटलं. ते तिला मागे टाकून माझ्याजवळ आले आणि मी दाबून धरलेला पोरीचा चेहरा त्यांनी मोकळा केला.

"रडू दे तिले," ते म्हणाले. "त्या रात्री तो रडलाच नव्हता."