माझ्या नावावरचा प्रश्न

खसच्या अत्तराचा वास आला की मला कोळारच्या कारखान्यात असतानाचा माझा खोलीतला सोबती आठवतो. तिशीतला मुसलमान गडी, लग्न ठरलेलं पण लांबलेलं. हस्तमैथुन हराम आहे का, या प्रश्नानं त्याला घेरलं होतं. मौलवींना एकट्यानं विचारायचा धीर होईना, म्हणून एका दुपारी त्यानं मला सोबत नेलं. मशिदीची फरशी गार होती आणि मौलवींच्या अंगाला खसचा वास येत होता. प्रश्न कसाबसा विचारून झाल्यावर तो पटकन म्हणाला, "माझ्यासाठी न्हाई, ह्या दोस्तासाठी विचारायलोय." माझ्या कपाळावर सकाळचं गंध तसंच होतं. म्हाताऱ्या मौलवींनी ते पाहिलं, पण हसले नाहीत. मलाच समजावू लागले, "बहुतेक आलिम, म्हंजी धर्माचे जाणकार, हरामच म्हणतात बाबा. काहीजण म्हणतात, पाऊल वाकडं पडंल अशी भीती असंल तर मजबुरीत माफी हाय. रोजे धरा, अन् लगीन लवकर करा." मी मान खाली घालून "व्हय" म्हणालो. आठवडाभरात मौलवी स्वतः सोबत्याच्या ठरलेल्या मुलीच्या घरी जाऊन तारीख पक्की करून आले. निकाहाच्या दिवशी माझ्या मनगटाला अत्तर लावत त्यांनी हळूच विचारलं, "मिटली न्हव तुमची अडचण?" सोबत्याला आता दोन लेकी आहेत. सल्ला मिळाला होता मला, आणि मी अजून बिनलग्नाचाच आहे.