पान एकशे बेचाळीसवरचा अंगठा

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर बाइंडरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. डावीकडे कागद कापायचं यंत्र, मधे लांब टेबल, त्यावर खळीचा डबा आणि प्रबंधांच्या चळती. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक प्रबंध गेली तीस वर्षं याच टेबलावरून आला आहे. मी प्रबंध स्वीकारण्याच्या खिडकीवर बसतो. समास, पानांचा क्रम, डाग, चार प्रती, एवढं पाहायचं आणि शिक्का मारायचा. आत काय लिहिलंय ते पाहणं माझं काम नाही.

ते बाइंडरचंही नाही. पण तो वाचतो. म्हणून आमच्या कार्यालयात त्याला वाळवी म्हणतात, आणि हे त्याला ठाऊक आहे.

शिवण्याआधी पानं क्रमानं लागलीत ना हे बघावंच लागतं. त्या निमित्तानं तो शेवटचं प्रकरण वाचून काढतो. फक्त शेवटचं. "सुरुवातीला नुसता नमस्कार-चमत्कार असतो, साहेब. मधे आकडे. माणूस तोंड उघडतो ते शेवटी." मग जे हाती लागेल ते घेऊन गल्लीत हिंडतो. पाठदुखीवरचा प्रबंध आला आणि समोरच्या शिंप्याच्या मशीनखाली विटा लागल्या. आठवडाभर शिंपी कुरकुरला, मग त्याची पाठ कुरकुरायची थांबली. ज्यानं तो प्रबंध लिहिला त्याला याचा पत्ताच नाही. आमच्या नियमाप्रमाणे चार प्रती जातात त्या ग्रंथालयाला, विभागाला, मार्गदर्शकाला आणि कार्यालयाला. शिंपी त्या यादीत नाही.

यंदा मात्र प्रकरण घरचंच होतं. बाइंडरच्या थोरल्या बहिणीचा नवरा बेकरीवाला; बेकरी दुकानापासून चार घरं पुढे. त्याला वर्षभर खोकला. पिठाला हात लावला की छाती शिट्टी वाजवायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पीठ छातीत जातंय, महिन्याभरात फरक पडला नाही तर भट्टी सोडा. माणूस विसाव्या वर्षापासून भट्टीवर. दुसरं काही येत नाही. शिवाय तोंडाचा तिखट, आणि आता वाक्य पुरं होईना. "अरे वाळवी, तुझी ती पुस्तकं..." एवढं म्हणायचा आणि खोकत ओट्याला टेकायचा.

नेमका त्याच महिन्यात एका संशोधक बाईंचा प्रबंध बांधायला आला. विषय होता, बेकरीतल्या हवेत उडणारं पीठ आणि कामगारांचा श्वास. बाइंडरनं शेवटचं प्रकरण उभ्यानंच वाचलं आणि तडक बेकरी गाठली. पाणी आधी, पीठ नंतर, मळायचं यंत्र सुरुवातीला हळू, वर झाकण. सगळं केलं. पंधरा दिवस गेले. खोकला जागच्या जागी.

"तुझ्या पुस्तकातलं सगळं झालं की रे," ताई म्हणाली. "आता दुकान दुसऱ्याला देऊ या म्हणतात हे."

बाइंडर गडबडला. आपलं वाचायचं काही राहिलं का, म्हणून त्यानं बांधून तयार झालेली एक प्रत काखोटीला मारली आणि बेकरीत नेली. तिथं त्यानं आणि बेकरीवाल्यानं शिफारशींचं पान दहादा वाचलं.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेला, ती प्रत माझ्या खिडकीत आली. पान एकशे बेचाळीसवर लोण्याचा अंगठा, चांगला रेषांसकट.

"ही प्रत मला घेता येणार नाही," मी बाईंना म्हटलं. "पाचपर्यंत पान बदलून आणा."

बाई बाइंडरच्या दुकानात गेल्या. जेवणाची सुट्टी होती, मीही मागोमाग गेलो.

"काका, हे काय? चार वर्षं घातलीत मी यात!"

बाइंडर खळीच्या डब्याकडे बघत म्हणाला, "चुकलं, बाई. पान बदलून देतो. पण तुमचा उपाय काही लागू पडला नाही."

बाईंचा राग तिथल्या तिथे अडला. "लागू? कुणाला?"

पाच मिनिटांत आम्ही तिघं बेकरीत होतो. बेकरीवाल्यानं नुकतीच एक गोण रिकामी केली होती. आम्हाला जागा करावी म्हणून त्यानं ती दारात धरून फाडफाड झटकली. आम्ही सगळे पांढरे झालो आणि तो खोकायला लागला.

"हेच! हेच ते!" बाई ओरडल्या. "पान सत्त्याऐंशी! सगळ्यात जास्त पीठ रिकामी गोण झटकताना उडतं. आणि कोरड्या केरसुणीनं झाडताना."

"मग शेवटी का नाही लिहिलंत?" बाइंडर जवळजवळ भांडायलाच उठला.

बाई म्हणाल्या, "मार्गदर्शक म्हणाले, शिफारशींत गोण आणि केरसुणी बरी दिसत नाही."

"आणि मी मधलं वाचत नाही," बाइंडर म्हणाला.

ताईनं दोघांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही दोघं शहाणे, आणि खोकायचं यांनी?"

बाईंनी ओट्यावर बसून गोण आतल्या अंगानं वळत कशी गुंडाळायची ते दाखवलं, आणि ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं. मोजमापासाठी आपण बारा बेकऱ्यांत गेलो, पण निघालं काय ते सांगायला एकीतही परत गेलो नाही, हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला. बाइंडरनं पान बदललं. मी पाचला सात मिनिटं असताना शिक्का मारला.

डाग पडलेलं पान बेकरीत यंत्राच्या वर चिकटवलंय. त्याखाली बाईंच्या अक्षरात गोण आणि केरसुणी आहे. मोजमाप केलेल्या त्या बाराही बेकऱ्यांत बाई आणि बाइंडर मिळून जाऊन आले.

महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि भट्टी सोडायची गोष्ट काढली नाही. परवा मी पाव आणायला गेलो. बाइंडर तिथंच होता. बेकरीवाला त्याला म्हणत होता, "अरे वाळवी, तुझी ती पुस्तकं शेवटापासून वाचायची खोड तुला कुणी लावली, आणि लावली तर लावली, पण निदान माझ्या जिवावर तरी प्रयोग करू नकोस, मेल्या, पुढच्या वेळी पहिल्या पानापासून वाचून ये!"

एका दमात. मधे एकदाही ओट्याला न टेकता.

"बघा," ताई मला म्हणाली, "आता वाक्य संपतच नाही यांचं."