धाकटीच्या टेबलावरची सिरिंज

पेशी तपासायच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ दोघीच. जुनीला सगळे थोरली म्हणत, नवीला धाकटी. ही नावं कुणी पाडली ते थोरलीला अजून कळलं नव्हतं, नाहीतर त्याची काही खैर नव्हती.

धाकटी आल्यापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. धाकटी नमुना यायची वाट बघत बसत नसे, स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राही. "वरात आणायला गेली," असं म्हणून थोरली नाक मुरडायची. घरी जेवतानाही तेच पुराण. नवरा म्हणायचा, "तुझ्यापेक्षा ती पोरगीच मला जास्त ओळखीची झालीय."

त्यात एका पेशंटचं, शिंपीकाकांचं, प्रकरण झालं. काकांच्या उजव्या डोळ्यातला द्रव गढूळ झाला होता. सूज समजून कितीतरी महिने औषधं दिली, पण गढूळपणा हटेना. प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना लिम्फोमाची शंका आली. हा कर्करोग सुजेचं सोंग घेऊन डोळ्यात बसतो आणि पुढे मेंदूतही शिरू शकतो. डोळ्यातला द्रव काढून थोरलीकडे दिला, तर काचेवर नुसत्या मेलेल्या, फाटक्या पेशी. काकांना स्टिरॉइड चालू होतं आणि त्या औषधाने या पेशी विरघळतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याही. पण थोरलीला वाटलं, आपली समजूत काढतायत.

निकाल विचारायला काका स्वतः खिडकीशी आले होते. निकाल नाहीच म्हटल्यावर चांगल्या डोळ्याने तिच्या ॲप्रनकडे बघून म्हणाले, "बाई, शिवण उसवलीय. आणून द्या, घालून देतो."

स्टिरॉइड बंद करून काही आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी धाकटीला करू दे." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिलाही काही न सापडो, असं तिला मनापासून वाटलं. हिला सापडलं की आपला हात बाद, हे सगळ्यांच्या तोंडी होणार होतं.

नमुना घ्यायच्या दिवशी ऐन वेळी थिएटर बदललं. धाकटी नेहमीच्या दाराशी उभी राहिली आणि वॉर्डचे मामा दुसऱ्याच जिन्याने येऊन तिच्या टेबलावर सिरिंज ठेवून गेले. खोलीत थोरली एकटीच होती.

सिरिंजमध्ये जेमतेम काही थेंब. या पेशी भारी नाजूक, डोळ्याबाहेर आल्या की बघता बघता मरतात. थोरलीला काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. काम धाकटीचं, टेबल धाकटीचं. फजिती धाकटीची होईल, या विचाराने तिला आतून गोड वाटलं. ती बसूनच राहिली. मग हात पुसायला ॲप्रन धरला, तर उसवलेली शिवण बोटात अडकली.

थोरली चरफडतच उठली. हातमोजे चढवले, द्रव यंत्रात अगदी हलक्या वेगाने फिरवला, तळाशी बसलेलं काचेवर घेतलं आणि रंग दिला. उरलेला द्रव पुढच्या तपासण्यांसाठी जपून ठेवला. एवढ्यात धापा टाकत धाकटी आली. "बघत काय उभी राहिलीस? नेऊन दे," म्हणून थोरली तिच्यावर खेकसली.

डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. मोठाल्या पेशी, वेडीवाकडी केंद्रकं. "लिम्फोमाच आहे. आता उपचार तरी सुरू होतील," त्या म्हणाल्या. "धाकटे, काय हात आहे गं तुझा."

"माझा नाही, बाई. ताईंचा," धाकटी म्हणाली. "मी भलत्याच दारात उभी होते. ताई नसत्या तर नमुना वाया गेला असता."

थोरलीला रडूच यायचं बाकी राहिलं. ही पोरगी गप्प बसली असती, तर जन्मभर तिचा राग करायची सोय झाली असती. तेवढीही तिने ठेवली नाही.

जेवताना नवऱ्याने वाट पाहून विचारलं, "आज धाकटीचं काही नाही?"

"जेव गुपचूप," थोरली म्हणाली आणि सुईदोरा शोधायला उठली. मग थांबली, आणि ॲप्रन तसाच घडी करून पिशवीत ठेवला. ही शिवण काकाच घालणार होते.