खारीला कोण नेणार?

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दात घासत होतो. बायकोनं उचलला. मग बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "अक्काचा फोन आहे... भाऊजी गेले." अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, आणि भाऊजी म्हणजे माझे साडू, मनोहरराव. पहाटे उठले, पाणी प्यायले, कॉटवर बसले आणि तसेच आडवे झाले. बायकोच्या हातातल्या फोनमधून त्यांच्या खारीचं, म्हणजे कुत्रीचं, भुंकणं बाथरूमपर्यंत ऐकू येत होतं. आणि तोंडात ब्रश तसाच असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो मनोहररावांचा नव्हता, अक्कांचाही नव्हता. आता खारीला फिरायला कोण नेणार? आणि पाठोपाठ दुसरा, की मला तर नाही ना न्यावं लागणार? याला सहा आठवडे झाले. चांगल्या माणसाच्या जाण्यावर कुणाच्या मनात असलं काही येऊ नये, पण आलं. ते आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मी कुत्र्यांना भितो. म्हणजे साधंसुधं नाही. पेणला सातवीत असताना शाळेतून येताना मला एक कुत्रं चावलं. चावलेलं कुत्रं दहा दिवस जगलं तर काळजी नाही, असं तेव्हा सगळेच मानायचे. त्यामुळे वडील रोज संध्याकाळी तेलघाण्याच्या ओट्याखाली ते कुत्रं आहे का ते बघायला जायचे, आणि मी दारात बसून त्यांची वाट बघायचो. ते दिसले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. आहे, असं त्यांनी मानेनं सांगितलं की जेवण जायचं. सहाव्या दिवशी ते आले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. ओट्याखाली कुत्रं नव्हतं. पुढे पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, ती दुखली आणि विसरलोही, पण वडिलांच्या तोंडाकडे बघत काढलेले ते पाच दिवस काही अंगातून गेले नाहीत. साठी उलटली तरी भर उन्हाळ्यात माझ्या हातात छत्री असते, ती उन्हासाठी आहे असं लोकांना वाटतं.

मनोहरराव याच्या अगदी उलटे, असं मी समजून होतो. दणकट देह, पांढरी मिशी, आणि एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळून कमावलेला आवाज. खांदा कॉलनीत आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायचो. साडू-साडूंचं नातं तसं चेष्टेचंच. सासुरवाडीबद्दल ज्या गोष्टी बायकोसमोर बोलता येत नाहीत त्या बोलायला देवानं दिलेला माणूस. निवृत्तीच्या वर्षी त्यांना कारखान्याच्या गेटवर एक पिल्लू सापडलं. खारी बिस्किटाच्या रंगाचं, म्हणून खारी. त्याच सुमाराला माझी शुगर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी खालून हाक आली, "या वाघोबा! उतरा खाली!" गॅलरीतून पाहिलं तर स्कूटरवर मनोहरराव, आणि त्यांच्या पायांमध्ये फळीवर उभी असलेली खारी, रस्त्याकडे तोंड करून. मी वरूनच म्हटलं, मला कॉलनीतल्या कॉलनीत चालायचंय. तर म्हणाले, "ती पुढे, मी मध्ये, तुम्ही मागे. तुमच्यापर्यंत पोचायला तिला माझ्यातून जावं लागेल." तसा मी बसलो. नऊ वर्षं तसाच बसत राहिलो.

सुकापूर ओलांडलं की तेव्हा शेतं लागायची. आता तिथे टॉवर उभे राहिलेत आणि विमानतळ येणार येणार म्हणून भाताच्या खाचरांनासुद्धा फ्लॅटचा भाव आलाय. आम्ही नेऱ्याच्या रस्त्याला एका चिंचेखाली स्कूटर लावायचो आणि गाढी नदीच्या कडेकडेनं चालायचो, समोर माथेरानचा डोंगर. कुत्रं घेऊन कुठे थांबायचं, याचा मनोहररावांचा एक कायदा होता. जिथे आधी कुत्र्याला पाणी विचारतात, तिथेच आपण चहा प्यायचा. या कायद्यामुळे चांगली दोन हॉटेलं आम्हाला कायमची बंद झाली. उरलेल्या जागा मात्र एकेक होत्या. नदीत गुडघाभर पाण्यात उतरता येईल असा एक उतार, जिथे खारी पोटापर्यंत भिजून यायची आणि मग नेमकी माझ्याच शेजारी अंग झाडायची. कुवेतहून परत आलेल्या हमीदभाईंची चिकूची बाग. ते पहिल्याच दिवशी स्पष्ट म्हणाले होते, "साहेब, बुरा नका मानू, घरात कुत्रा नाही चालत आमच्यात. पण जनावर तहानेलं जाऊ नये." आणि फाटकाबाहेर नळाखाली त्यांनी तिच्यासाठी मातीचं वेगळं भांडं ठेवलं, ते पुढे फुटलं तर दुसरं ठेवलं. आणि शेवटी वनिताबाईंची चहाची टपरी, जिथे खारीला चहाच्या आधी अर्धी भाकरी मिळायची आणि आम्हाला बोलणी.

पण टपरीच्या अलीकडे पोल्ट्री होती. तिथे मेलेल्या कोंबड्या मागच्या खड्ड्यात टाकायचे, आणि त्यावर पोसलेली पाच-सहा कुत्री रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी आडवी पडलेली असायची. परकं कुत्रं दिसलं की ती उठायची. भुंकायची नाहीत, हीच खरी भीती. नुसती मान खाली घालून, अर्धगोल करून पुढे यायची. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा मला पेणच्या दारातून आत येणारे वडील दिसले... चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी! मी छत्री उगारली. मनोहरराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "छत्री खाली. दगड उभ्या माणसाच्या हातात असतो, हे कुत्र्यांना माहीत असतं. आपण बसायचं." आणि ते खरोखरच रस्त्याच्या कडेला मातीत बसले. खारीला पाठीमागे घेतलं, पट्टा सैल सोडला, तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि जमिनीकडे बघत राहिले. कुत्री आली, त्यांचे बूट हुंगले, खारीला हुंगलं, आणि कंटाळून परत जाऊन पडली. मी मागे गोठून उभा होतो. दर खेपेला हेच व्हायचं. ते बसायचे, मी त्यांच्या आड उभा. नऊ वर्षांत मी एकदाही बसलो नाही. टपरीवर ते वनिताबाईंना सांगायचे, "आमच्या वाघोबांना चहात साखर नको, पण थोडी हिंमत टाका." मी हसायचो आणि मनातून जळायचोही. भीती नसलेला माणूस रोज डोळ्यांसमोर असला की आपली भीती दुप्पट दिसते.

शेवटच्या रविवारी ते पोल्ट्रीपाशी बसले ते बसलेच. कुत्री केव्हाच जाऊन पडली होती. मी म्हटलं, "उठा की, चहा थंड होतोय तिकडे." ते म्हणाले, "साडू, मला काही झालं तर हिला फिरवाल ना?" या माणसानं मला वाघोबा सोडून साडू म्हटलं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. मी खारीकडे पाहिलं. तिचा जबडा पाहिला. आणि म्हणालो, "बघू." नुसतं बघू! हो म्हणायला काय जात होतं? ते गुडघ्यावर हात देऊन उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "बघा." चार दिवसांनी तो फोन आला.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. त्यांचा मुलगा निखिल पुण्याहून आला होता, तोच खारीला खाली न्यायचा. ती जिन्यापर्यंत जायची, खाली उतरायची, स्कूटरपाशी बसायची आणि उठायचीच नाही. खाणं तर जवळजवळ सोडलंच होतं. चौदाव्या दिवशी निखिलनं सगळं ठरवलं. अक्का त्याच्याबरोबर पुण्याला जाणार. त्याच्या सोसायटीत कुत्रं चालत नाही. खारीसाठी ओळखीतल्या एकाचं फार्महाऊस मिळालं होतं. "राखणीला हवंच आहे त्यांना, काका. साखळी लांब ठेवतात म्हणे," तो म्हणाला. तो वाईट मुलगा नाही, बाप गेल्यावर सगळीकडे एकट्यानं किती पुरणार? अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधायला लागलो. रविवारी तो फार्महाऊसवाला न्यायला येणार होता. शुक्रवारभर मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "तुम्ही उगाच जीव काढू नका. तुमच्यानं होणार नाही, हे काय कुणाला माहीत नाही?" ती मायेनंच म्हणाली, पण लागलं.

शनिवारी सकाळी मी अक्कांच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, शेवटचं एकदा फिरवून आणतो. अक्कांनी पट्टा माझ्या हातात दिला, तो मी अगदी टोकाला धरून जिना उतरलो. मला स्कूटर येत नाही, म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगितलं. रिक्षात खारी माझ्या पायांशी बसली आणि मी दोन्ही पाय सीटवर घेऊन बसलो, रिक्षावाला आरशातून बघत होता. चिंचेपासून चालायला लागलो. उताराला ती पाण्यात उतरली नाही. हमीदभाईंच्या फाटकापाशी मातीचं भांडं भरलेलं होतं. ती थोडं प्यायली. त्या पंधरवड्यात तिनं स्वतःहून केलेली ती पहिलीच गोष्ट असावी, आणि मला तेवढ्यानं धीर आला. मग पोल्ट्री आली.

कुत्री उठली. पाचही. मान खाली घालून यायला लागली आणि माझ्या पुढे कुणी नव्हतं. बसायचं, हे मला ठाऊक होतं, नऊ वर्षं पाठ झालं होतं. पण गुडघे वाकेनात. छत्री हातातून पडली, आणि पाय असे लटपटायला लागले की पँटची घडी हलताना मला दिसत होती. त्यातलं काळं कुत्रं हातभर अंतरावर आलं. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खारी पळाली नाही, भुंकली नाही. ती वळली, आणि माझ्या पोटरीला अंग लावून उभी राहिली. मग माझे पाय गेलेच. मी मातीत धपकन पडलो, बसलो वगैरे काही नाही. काळ्यानं माझा बूट हुंगला, खारीला हुंगलं... आणि परत गेलं.

वनिताबाई टपरीवरून झाडू घेऊन धावत आल्या होत्या. मला उठवून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "बाई, मनोहररावांसारखं मला नाही जमणार." त्यांनी झाडू बाकड्याला टेकवला.

"त्यांच्यासारखंच तर झालं," त्या म्हणाल्या. "पयल्या दिशी ते बी असंच पडले व्हते. तुमी नव्हता तवा, एकलेच आलते कुत्रीला घेऊन. पाय लटलट कापत व्हते, उभं रावता येईना, म्हनून मातीत बसले. कुत्री हुंगून गेली. तवापासनं रोज बसाया लागले."

"ते घाबरायचे?"

"दर येळंला. हितं येऊन बसले का कप धरता येत नसं, बशीतच प्यायचे. तुमच्या ध्यानात नाय आलं?"

आलं नव्हतं. ते बशीतून चहा पितात, एवढंच दिसलं होतं. पहिल्यांदा मला राग आला, खरंच सांगतो. नऊ वर्षं या माणसानं मला वाघोबा म्हणून घेतलं, आणि एक शब्द बोलला नाही! बोलला असता तर दोघं मिळून भ्यायलो असतो. "मला का नाही सांगितलं?" असं मी वनिताबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी बोल्ले व्हते त्यांना, साडूंस सांगा म्हनून. तर म्हनाले, तो माज्या आडोश्याला उभा रातो. त्याला कळलं तर तो यायचा बंद व्हईल. मंग मी एकला पडीन." मग मात्र मी त्या बाकड्यावर, भर रस्त्यात, रडलो. मी त्यांच्या आडोशाला उभा होतो, आणि त्यांना तर मी सोबतीला हवा होतो. वनिताबाईंनी खारीपुढे अर्धी भाकरी टाकली. तिनं ती खाल्ली.

घरी येऊन निखिलला फोन केला, फार्महाऊसवाल्याला नको म्हणून सांग. तो म्हणाला, "काका, तुम्हाला जमेल?" मी म्हटलं, "नाही. पण नेईन."

खारी आता आमच्याकडे असते, दारामागच्या गोणपाटावर झोपते. माझी भीती गेली म्हणून लिहायला मला आवडलं असतं, पण गेलेली नाही. आजही सकाळी पट्टा घेतला की पोल्ट्री आठवते आणि हातांना कापरं भरतं. बुटाची नाडी बांधायला जिन्याच्या पायरीवर बसतो, तर गाठ बसत नाही. दुसरं कुठलंही कुत्रं फिरायच्या वेळी दारावर उड्या मारतं, केकाटतं. ही तसलं काही करत नाही. खाली येते, माझ्या गुडघ्याला अंग टेकून उभी राहते, रस्त्याकडे बघत. घाई करत नाही, वर बघत नाही. कापरं थांबेपर्यंत किती वेळ लागतो, ते तिला नऊ वर्षांच्या सवयीनं बरोबर माहीत आहे.